डावीकडचे बटण

वडगावातील विणकर मारुतीराव यांची कन्या तेजस्वी हिने लग्नासाठी येणाऱ्या स्थळांचा प्रश्न, आपल्या समजुतीप्रमाणे, कायमचा निकालात काढला होता. आप्पांनी, म्हणजे मारुतीरावांनी, विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर तिचे नाव नोंदवले आणि तिने त्याच दिवशी संगणकाची एक आज्ञावली लिहिली. स्थळ सुचवले गेले की त्या आज्ञावलीने आपणहून पान उघडावे, डावीकडचे नकाराचे बटण दाबावे आणि 'पत्रिका जुळत नाही' हा सभ्य निरोप धाडावा. मनाजोगता मनुष्य भेटेपर्यंत आप्पांचे मन न दुखवण्याचा याहून सोपा मार्ग तिला दिसत नव्हता. लेकीला कुणी विचारीत नाही, या चिंतेने आप्पा मात्र विणता विणता मागाचा धोटा हाती धरूनच थबकत.

पुढे संकेतस्थळाने आपले रूप पालटले. घरी येण्याचे निमंत्रण धाडणारा होकार डावीकडे आला, नकार उजवीकडे गेला. आज्ञावली निष्ठावंत होती. ती डावीकडेच दाबत राहिली.

रविवारी सकाळी गुंजी गावची मंडळी मुलासाठी मुलगी पाहायला दारात उतरली. त्यांच्यापाठोपाठ खडेबाजारातले एक कुटुंब आले. आप्पांनी हर्षभराने माग थांबवून सतरंज्या अंथरल्या. तेजस्वीच्या आई जयाबाईंनी पोह्यांची दुसरी कढई चढवली. तेजस्वीने आत जाऊन संकेतस्थळ उघडले आणि तिला सारा प्रकार उमगला. आता कुणी त्या निरोपाचा उल्लेख केला, तर आप्पांचा विश्वास कायमचा जाणार होता.

गुंजीच्या राजाबाईंनी तो केलाच.

"पत्रिका जुळत न्हाय म्हणून कळवलासा, वर घरी बी बोलावलासा. एवढी सुधारलेली माणसं न्हाय बघितली आम्ही."

आप्पांना काही कळले नाही. परंतु स्तुती होती, म्हणून त्यांनी ती नम्रपणे स्वीकारली.

शेवटी निपाणीहून नागेंद्र नावाचा तरुण एकटाच आला आणि मागाजवळ अवघडून उभा राहिला. तेजस्वीने पाणी दिले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "माफ करा. मी न्हाय होकार दिला. आईला कळू नये म्हणून नकार द्यायची स्क्रिप्ट लिवली हुती. बटणं कवा बदलली, कळलंच न्हाय."

"डावीकडचं?"

"व्हय."

"आणि निरोप?"

"पत्रिका जुळत न्हाय," तो ओशाळून म्हणाला.

तेजस्वी इतकी हसली की पाणी सांडले. पाहुणे पांगल्यावर आप्पांनी विचारले, "निपाणीच्या पोराची पत्रिका भटजींना दाखवू काय गं?"

"नको, आप्पा," ती शांतपणे म्हणाली. "जुळत न्हाय, ह्यावर आमचं दोघांचं एकमत झालंय. पुढच्या रविवारी त्यांच्या आईला घेऊन यायला सांगितलंय."