अवघडल्या मानेचा पराक्रम

सरस्वतीचे चरणी मस्तक, अन्नपूर्णेचे चरणी पोट आणि निद्रादेवीचे चरणी अवघा देह ठेवून लिहितो. फार मागे ऐकिला एक आवाज प्रथम कानी येतो. आत्याबाई लहानग्या चैतालीस मांडीवर थोपटीत म्हणत:

पोटी भाकर लेकीच्या, झोप पापणीच्या दारी
धाल्या-निजल्या जिवाला, अक्षर गं येई घरी

ती चैताली थोर जाली, आणि शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, श्रावणमासी विद्यापीठ नामे राज्यात पहिल्या वर्षास दाखल जाली. वसतिगृहाचे खोलीत तबस्सुम नामे सखी आधीच मुक्काम करून होती. दोघींचे तत्काळ सूत जमले, आणि मग घरच्या लाडवांचा डबा एका बैठकीत फत्ते जाला. त्या राज्यात 'ऊठ' म्हणणारे कोणी नाही, 'नीज' म्हणणारेही नाही. ऐसे स्वातंत्र्य पाहून बाई हर्षे वेडावल्या, आणि मग नाश्त्याचे ठाणे पडले, आणि रात्री मोबाईलने लुटल्या, आणि पोटाचे गडावर नूडल्सचे निशाण चढले. मेसच्या मावशी म्हणाल्या, "काय गं, माझे पोहे चावतात का तुला? तोंड बघ, वाळल्या भेंडीवानी झालंय!" बाई हसून बोलिल्या, "उद्यापासून नक्की, मावशी!" तो उद्या काही उगवेना.

आता गणिताचे सुभेदार डोंगरे सर. त्यांनी फळा काठोकाठ भरावा, आणि मग वळून पुसावे, "समजलं?" आणि अवघ्या वर्गाने वाऱ्यावरील जोंधळ्यासारिख्या माना डोलवाव्या, हा तेथील रिवाज. चैतालीबाईंस पहिल्या तासापासून काही उमगेना. परंतु शेजारी तबस्सुमबीबी ऐशा ठसक्यात डोलत, की हिला सर्व येते, आपणच ठोंब्या, ऐसे मनी घेऊन बाईही डोलू लागल्या. राज्याचा कायदा कडक: पहिल्या सत्रात विषय बुडाला की खोली गेली. खोली गेली म्हणजे खिडकीतला कडुनिंब गेला, आणि तबस्सुमही गेली. या भये बाई जागरणे करू लागल्या, आणि जो जो जागाव्या तो तो अक्षर दूर पळावे.

मग एके दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावर डोके टेकून बाई ऐशा निजल्या, की उठतात तो मान डावे अंगास वळलेली, काही केल्या हलेना. दुसरे दिवशी सरांनी पुसिले, "समजलं?" अवघे शेत डोलले, जोंधळ्याचे एकच ताट ताठ उभे राहिले. सरांची नजर तेथेच अडली. "का गं, तुला नाही समजलं?" तबस्सुम कुजबुजली, "अगं, मान अवघडलीय म्हण ना!" ते तो खरेच होते, आणि सुटकाही त्यातच होती. परंतु मान वळलेली भिंतीकडे, सरांचा चेहरा दिसेना, तेणे बाईंस अवचित धीर आला. भिंतीसच उद्देशून बोलिल्या, "सर, मान अवघडलीय. पण ती धड असती ना, तरी... मला पहिल्या तासापासून काहीच समजलेलं नाही." मग मागील बाकावरून कोणी म्हणाले, "सर, मला पण," आणि मग आणखी कोणी, आणि मग हशाचा ऐसा पूर आला की खडू खाली पडला. सर बोलिले, "मग इतके दिवस डोलत काय होता? भजनाला बसला होता?" आणि फळा पुसून मुळापासून आरंभ केला. तबस्सुमने मात्र हळूच वहीचे कोरे पान उघडिले.

मग मावशींनी ऊन तेलाने मान चोळिली, वर गरम पोह्यांची ताटली हाती दिली, आणि मोबाईल दिवेलागणीनंतर उशापासून हद्दपार जाला, आणि झोप वाजतगाजत परत आली. परीक्षा जाली. गणित तरले, थोडक्यात तरले, परंतु तरले. खोली राहिली.

सारांश इतकाच, की जो पोटभर जेवला, वेळेवर निजला आणि न समजले ते न समजले म्हणाला, त्यास हे राज्य सुखरूप.

निकालाचे दिवशी दोघी एका ताटलीत पोहे खात असता तबस्सुमबीबींचा घास हातीच राहिला. म्हणाल्या, "चैतू, शिव्या नको देऊस हं. मला पण तेव्हा काही कळत नव्हतं गं. तू मान हलवायचीस ना, तुझ्याकडे बघून मी हलवायचे."