गुंतवणूक बुजते!

आमच्या पाड्यावर नवरा-बायकोला भांडायचं असेल तर दुपारी बारा ते दोन या वेळातच भांडावं लागतं. नियम धाकलूबाबांचा. मोखाड्याच्या रस्त्यानं कुणी परदेशी गुंतवणूकदार चाललाच, तर त्या वेळी तो जेवत असणार, असा त्यांचा अंदाज. एरवी कुणाचा आवाज चढला की बाबा काठी आपटत दारात हजर. "हळू! गुंतवणूक बुजते!"

गुंतवणूक म्हणजे बाजारातून नवा आणलेला बैल, अशीच त्यांची समजूत आहे. मी इथला शाळामास्तर, त्यामुळे ही समजूत काढून टाकण्याचं काम माझं होतं. मला ते जमलं नाही.

दिवाळी झाली की बाबांचा मुलगा आणि सून, पाड्यातल्या सगळ्या तरण्यांबरोबर, दूर वीटभट्टीवर जातात ते थेट पावसाच्या तोंडावर परततात. अशाच एका उन्हाळ्यात बाबांनी मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकलं. परदेशी कंपनी यायला रस्ता, पाणी, वीज, कामगार आणि शांतता लागते म्हणे. झालं! माळाचा एक सपाट तुकडा 'कंपनीची जागा' ठरला. तिथं नागली वाळत घालायची तर बाबांची परवानगी. रस्त्यातले खड्डे ते स्वतः मुरुमानं बुजवतात. वीज काही त्यांच्या हातात नाही, म्हणून खांबाला हार घालतात.

यंदा माघात शिरपामाळचं ऐतिहासिक ठिकाण बघून निघालेला एक गोरा पाहुणा आमच्या पाड्यापाशी अडकला. गाडी पंक्चर. ड्रायव्हर चाकाशी झटत होता तोवर बाबांनी पाहुण्याला खाटेवर बसवून रस्ता, विहीर, खांब सगळं दाखवलं. दुभाषा मी. गाडं अडलं ते कामगारांपाशी. पाड्यात उरलेली म्हातारी माणसं सहा. बाबांनी तीच सहा माणसं घरामागून फिरवून पुन्हा पुन्हा समोरून नेली. एकदा टोपी घालून, एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळून, एकदा खांद्यावर फावडं देऊन. तिसऱ्या फेरीला पाहुणा त्यांना ओळखीनं हात हलवायला लागला. बाबांची बायको जनाआजी तर सरळ त्याच्या शेजारीच बसली आणि बाबांवर खेकसली.

"माजं गुडघं गेलं. उरलेलं कामगार आता तूच दाखव!"

पाहुणा पोट धरून हसला. तो आपल्या देशात मुलांना चित्रकला शिकवणारा निघाला. बाबा जराही खचले नाहीत.

"मास्तर तर मास्तर. पन वळखीत कोन आसंल ना?"

पाहुण्यानं विचारलं, कंपनी कसली हवी? आम्ही कान टवकारले. आजवर बाबांनी आम्हाला बिस्किटं, ट्रॅक्टर आणि एकदा विमानसुद्धा कबूल केलं होतं. त्यांनी मुलाच्या खोपटाच्या बंद दाराकडे पाहिलं.

"कसलीपन चालंल," ते हळूच म्हणाले. "फक्त सांजंला सोडा म्हनावं. पोरगा घरी जेवाया आला पायजे."

एवढं इंग्रजी मला सहज येत होतं. तरी ते सांगायला मला दोनदा सुरुवात करावी लागली, तोवर पाहुणा माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिला.