देवळेकरकाकांचा जर्मन कोल्हा

सानपाड्याला आमच्या सोसायटीत देवळेकरकाकांचा जर्मनचा फुकट क्लास होता. अख्ख्या वर्षात तिथे एकच शब्द शिकवून झाला, तोही अर्धा.

शब्द होता 'फुक्सटॉयफल्सविल्ट'. हे विशेषण आहे, असं काका म्हणत. फुक्स म्हणजे कोल्हा, टॉयफल म्हणजे सैतान, विल्ट म्हणजे रानटी. "आता ही मंडळी एकत्र आली कशी, ते पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारीही कोल्हाच. कोल्ह्यावरून युरोपातली जंगलं, जंगलावरून लाकूड, लाकडावरून एपीएमसी मार्केटातल्या आंब्याच्या पेट्या. सैतान यायला गणपती उलटले. "शब्दाला घाई चालत नाही हो," हे त्यांचं पालुपद.

जवळपास जर्मन कंपनी येणार अशी अफवा होती. त्यामुळे सुरुवातीला इतकी झुंबड, की सेक्रेटरींनी चपलांना पार्किंगचे नियम लावले. काका चहा देत, केळ्याचे वेफर्स देत, अर्थ तेवढा देत नसत. कंपनी काही आली नाही. माणसं गळत गेली, तशी वेफर्सची बशी मोठी होत गेली. क्लास मोडू नये म्हणून काका मुंजीचं आमंत्रण द्यायला निघाल्यासारखे दारोदार फिरत. सेक्रेटरी एकदा म्हणाले, अर्थ सांगून टाका ना, कशाला टेन्शन. काकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मग आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन फिटर आला. मी त्याला शब्द विचारला. स्क्रू पिळता पिळता त्याने निकाल लावला: भयंकर चिडलेला. कोल्हा पिसाळतो ना, त्यावरून. सैतान आपला नुसता जोर द्यायला.

वर्षभराचं उट्टं काढायला मी रविवारी मुद्दाम लवकर गेलो. खुर्च्या मांडलेल्या, माणूस एकही नाही. उंबऱ्यातूनच मी अर्थ फेकला.

काका चिडले नाहीत. बशी पुढे सरकवत म्हणाले, "बाकीच्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मग नको सांगूस. गिरगावात चाळीत होतो तेव्हा नुसतं दार लोटलं तरी लोक विचारायचे, कोण आजारी आहे का? इथे तुझी काकू गेल्यापासून बेल वाजवतो तो फक्त दूधवाला. अर्थ कळल्यावर कोण येणार रे?"

मी चपला काढल्या आणि पहिल्या खुर्चीत जाऊन बसलो.

पुढच्या रविवारी मी सेक्रेटरींना जवळजवळ उचलूनच आणलं. वेफर्सवर हात पडायच्या आत शंका काढली, "काका, कोल्हा आपणहून पिसाळला, की सैतानाने त्याला पिसाळवलं?"

काका खुर्चीतून अर्धे उठले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

"उत्तम शंका," म्हणाले. "पण आज नाही सुटायची."