वकीलसाहेबांच्या गाडीचं दार

मुखेडच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या अश्वजित सरांनी त्या सकाळी जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं, आणि दाराचा खालचा वीतभर पत्रा बिस्किटासारखा तुटून अंगणात पडला. गाडी त्यांच्या वडिलांची, व्यंकटराव वकिलांची. वकीलसाहेब जाऊन बारा वर्षं झाली होती. फेरनोंदणीच्या तपासणीत अधिकाऱ्यांनी नुकतंच बजावलं होतं, की महिनाभरात पत्रा नीट झाला नाही तर गाडी मोडीत काढावी लागेल.

वीरभद्र डेंटर येऊन हातोडीच्या टोकानं गाडीभर ठोकत फिरला. डॉक्टरसारखा कान लावत होता.

"पुढचे दोन मडगार्ड गेले सर. बॉनेट चालंल. दार मात्र मेलंय."

"नवं मिळत नाही?"

"मिळतं की. फायबरचं हाय, ते उन्हात फुगतंय. नव्या पत्र्याचं हाय, ते लगीनपत्रिकेवानी पातळ. असली पायजे असंल तर लातूरला चला, किशनरावच्या भंगारात."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघे लातूरला पोचले. किशनरावांचं भंगाराचं आवार गावाबाहेर होतं. आत शिरल्यावर रस्त्याचा आवाज एकदम बंद झाला. गाड्या कुठेच दिसत नव्हत्या, नुसती दारं. शेकडो दारं एकमेकांना टेकून ओळीनं उभी होती, आणि प्रत्येक काचेत सरांचा चेहरा थोडा वेगळा दिसत होता. पान हलत नव्हतं. तरी मागच्या ओळीत काहीतरी कर्रर्र वाजलं.

मडगार्ड लगेच मिळाले. अ‍ॅम्बॅसडरची दारं तीन निघाली. पहिल्याला वीरभद्रनं लोहचुंबक लावलं, ते चिकटलंच नाही. "सगळी पुट्टी हाय. पत्रा नावालाच." दुसरं हिरवं, सरळ, चांगलं होतं. सर त्याच्याकडे वळले तोच मागच्या तिसऱ्या दाराचा खटका टक् करून सुटला.

सर तिकडे गेले. दार तपकिरी रंगाचं, भिंतीशी एकटंच उभं होतं. का कोण जाणे, त्यांना त्यावर हात ठेवावासा वाटला.

"ते न्हाई बरं का सर," किशनराव लांबूनच म्हणाले. जवळ काही आले नाहीत. "तीनदा विकलं, तीनदा परत आलं. कोन्त्याच गाडीला बसत न्हाई. दोन बोटं फट ऱ्हाते, आन ठोकून बसवलं की चालत्या गाडीत आपोआप उघडतंय. शेवटी नेलता तो मानूस तर म्हनला, ह्याला कुठंतरी जायचं हाय बघा."

वीरभद्रनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "सर, हिरवं घेऊ."

आता अश्वजित सर दरवर्षी जयंतीला अंधश्रद्धेवर तासभर व्याख्यान देत. वीरभद्र त्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत असे. त्याच्यादेखत हिरवं दार घेणं शक्यच नव्हतं.

"तपकिरीच बांधा," सर म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला.

मुखेडला अंगणात दार बसवताना वीरभद्रनं हातोडी, पहार, लाकडाचा ठोकळा असं सगळं जवळ मांडून ठेवलं. लागलं काहीच नाही. बिजागऱ्या आपोआप जागेवर गेल्या. त्यानं भीतभीत हात सोडला. दार क्षणभर थांबलं, मग सावकाश फिरलं आणि मऊ आवाज करून बंद झालं. नख जाईल एवढीही फट नव्हती.

"तीस वर्षं हे काम करायलोय," वीरभद्र हळूच म्हणाला, "पर दार असं स्वतःहून बसलेलं बघितलं न्हाई."

"मापं एकच असतात रे. घास तू."

वीरभद्र पॉलिश पेपरनं रंग घासायला लागला. तपकिरीखाली निळा निघाला, निळ्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली त्याचा हात थबकला.

"सर, कुनीतरी खिळ्यानं नाव कोरलंय हितं. अ... श... व..."

सर वाकले. अक्षरं वेडीवाकडी, लहान मुलाची होती. अशवजीत. अर्धा श विसरलेला, जी दीर्घ.

सात वर्षांचे असताना त्यांनी खिळ्यानं हेच नाव, ह्याच चुकांसकट, ह्याच गाडीच्या दारावर कोरलं होतं. आठ दिवसांनी पाहिलं तर नाव नाहीसं, दार कोरं करकरीत. वडील गंभीरपणे म्हणाले होते, "गाडीला अशुद्ध खपत नाही. तिनं पुसलं." त्या धसक्यानं पोरगं शुद्धलेखन घोकत सुटलं, ते थेट मराठीचं प्राध्यापक झालं. आणि पुसलेलं नाव आता, सत्तेचाळीस वर्षांनी, लातूरच्या भंगारातल्या दारावर वर आलं होतं.

"सर," वीरभद्र कुजबुजला, "लिंबू आणू का?"

सरांनी घसा खाकरला. आजूबाजूला पाहिलं.

"दोन आण."

तेवढ्यात सरांच्या आई सरजाबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. मागून त्यांची सून, सरांची बायको दिपालीही आली. सरजाबाईंनी वाकून नाव वाचलं, त्यावरून बोट फिरवलं.

"सापडलं व्हय दार?" त्या शांतपणे म्हणाल्या.



"आई, तुला ठाऊक होतं?"

"मीच मोडलं तर मला ठाऊक नसंल? तुझे बाबा कोर्टात गेलते. मी चावी घेतली आन बाजाराच्या मैदानात गाडी फिरवाया गेले. बाभळ आडवी आली. दार आन ते ज्याला बसतं तो गाडीचा खांब, दोन्ही वाकले. यांनी रातोरात गाडी लातूरला नेऊन दुसरं दार ठोकूनठाकून बसवलं. तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस. मग गाडीनं पुसलं म्हणून सांगितलं."

वीरभद्र पटकन गुडघ्यावर बसला. दाराच्या खांबावर बोट फिरवून ओरडला, "हाव की सर! खांब वाकडा हाय! दार बी तेवढंच वाकडं! एकाच ठोक्यात वाकलेत, म्हनून तर ते सरळ गाडीला बसंना!"

सरांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. पण त्यांना आता वेगळीच शंका छळू लागली.

"बाबा रागावले नाहीत?"

"रागावले ना. म्हनले, अर्धवट शिकू नको. पुढं पंधरा दिवस शिकवलं." सरजाबाईंनी पदर खोचला. "मग काय, नांदेडच्या तारखेला मीच न्यायची. नायगाव येईस्तोवर हे शेजारी बसून फायली वाचायचे. गावात शिरताना तेवढं जागा बदलायचो. लोकांपुढं वकिलाचा मान ऱ्हायला पायजे."

"किती वर्षं?" दिपालीनं विचारलं.

"त्यांचे डोळे जाईस्तोवर अधूनमधून. नंतर कायमच."

गाडी आता सावलीत घ्यायची होती. सर चालवायला बसले. दोनदा चालू केली, दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा गिअर असा किंचाळला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"सरक तिकडं," सरजाबाई म्हणाल्या.

अश्वजित सर मुकाट्यानं सरकले. आईनं चपला बाहेर काढून ठेवल्या, मान मागे वळवली आणि तुळशीच्या कुंडीला आणि वीरभद्रच्या मोटारसायकलला मधून चुकवत गाडी एका दमात उलटी नेऊन कडुलिंबाखाली लावली.

दिपाली तोवर गाडीच्या खिडकीशी पोचली होती. "आत्या," ती सासूला हळूच म्हणाली, "उद्यापासून मला शिकवा."