म्हाळूनानांचं रगत

आमच्या येडगावचे म्हाळूनाना शिंकले तरी सर्दी कबूल करत नाहीत. "सर्दी आमच्या रगतात न्हाई," म्हणतात आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसतात.

नाना माझे शेजारी. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. नानांनी मेंढरं विकून ऊस लावला, पण माणूस भेटला की आधी त्याची पैदास बघायची, ही खोड गेली नाही. जगातले सगळे गुण-अवगुण रगतातून येतात, असं त्यांचं मत. पैकी गुण त्यांच्या रगतातले, अवगुण बाकीच्यांच्या. साखर, चष्मा, टक्कल, यातलं काही त्यांच्या घराण्यात नाही. डोक्यावर जे दिसतं ते फेट्याने पडलंय, असा खुलासा असतो.

त्यांची सून कविता पिंपळवंडीची. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिसऱ्या वेळी नाना ओट्यावर बसून कुणाला तरी म्हणाले, "आमच्या रगतात असलं काय न्हाई." वाक्य नेहमीचंच. पण कविता दारामागेच होती. तिने लग्नाकार्यांना जाणं सोडलं. तिथे बायका "काय बातमी?" विचारायच्या.

नानांच्या मुलाने, संतोषने, शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. गाडी माझी. नाना न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसले.

नवराबायकोचं रक्त तपासून झालं होतं. रिपोर्ट बघून बाई म्हणाल्या, "बाळाला रक्त पोचायचं तर वारेत नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात. त्या वाढवणारा एक घटक शरीरात असतो. तो किती तयार व्हावा हे जनुकांवर अवलंबून असतं, आणि त्या जनुकात दोघांच्याही थोडा फरक आहे. त्याने गर्भपाताचा धोका वाढत असेल. पण असा फरक कितीतरी धडधाकट माणसांत असतो, त्यामुळे हेच कारण, असं मी सांगणार नाही. यात कुणाचाच दोष नाही. पुढच्या वेळी लवकर या, सुरुवातीपासून लक्ष ठेवू."

"फरक येतो कुठनं?" नानांनी विचारलं.

"आईवडिलांकडून."

"म्हणजे संतोषला माझ्याकडनं."

"तुमच्याकडून, नाहीतर त्यांच्या आईकडून. आता ते शोधून उपयोग नाही."

नानांनी सदऱ्याची बाही वर सारली. "घ्या रगत."

कुणी घेतलं नाही. नानांना तो अपमान वाटला असावा. परतताना मंचर येईपर्यंत त्यांनी बाही खाली केली नाही.

त्या आठवड्यात ओतूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशी नानांचा आवाज कानावर आला. "पोरगी चोख हाय. खोट आमच्याच रगतात निघाली. डॉक्टरनी लिहून दिलंय." समोरचा माणूस गोंधळला होता. नानांच्या तोंडून असलं वाक्य तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "नाना, कुणाचाच दोष नाही म्हणाल्या त्या."

"मास्तर, 'कुणाचाच न्हाई' हे लोकांना पटत नाय. त्यांना एक माणूस लागतोच. मग ती पोर कशाला? मी हाय की रिकामा."

पुढच्या महिन्यात नाना कविताला हट्टाने भावकीतल्या लग्नाला घेऊन गेले. गाडी अर्थात माझी. मांडवात एका मावशीबाईंनी कविताला गाठून "काय बातमी?" विचारलं मात्र, नाना मध्ये उभे राहिले.

"बातमी मला इचारा. खोट माझी हाय."

मावशीबाई जिलबी आणायला निघून गेल्या. त्या जेवण होईपर्यंत आमच्या बाजूला फिरकल्या नाहीत.

परत येताना मागून कविता म्हणाली, "नाना, डॉक्टरबाई असं म्हणाल्याच नव्हत्या."

"मला कमी ऐकू येतं," नाना म्हणाले.

"कधीपासनं?"

नानांनी फेटा सारखा केला. "पुण्यास्नं आल्यापासनं."

मागे ती अगदी हळू हसली. इंजिनाच्या आवाजात मला ते जेमतेम कळलं. नानांना मात्र बरोबर ऐकू आलं.