पाहुण्यांनी रिमोटला हात लावू नये

आमच्या इंदिरानगरात भारनियमन सुरू झालं तेव्हा लोकांनी इन्व्हर्टर घेतले ते पंख्यासाठी. शेजारच्या दौलतरावांनी घेतला तो व्हिडिओ गेमसाठी. वीज गेली की स्वतः बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेणार, आणि इन्व्हर्टरवर चालू काय, तर टीव्ही आणि त्याला जोडलेलं ते काळं डबडं, वायरीला लोंबणाऱ्या खेळायच्या रिमोटसकट. त्या डबड्याला लक्षात काही राहत नसे. बंद पडलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जेवायला, झोपायला, भाजी आणायला जाताना ते खेळ मध्येच थांबवून ठेवत आणि नुसता टीव्ही बंद करत. डबडं आठ-आठ दिवस तापत पडलेलं असे.

दौलतराव कारखान्यातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले. खेळ तसा साधाच. एक छोटा शिपाई खड्ड्यांवरून उड्या मारत जातो आणि शेवटच्या किल्ल्यात राक्षसाला गाठतो. वाटेत एका विहिरीत उडी मारली की निम्मा खेळ टळतो, हे कॉलनीतल्या पोरासोरांना माहीत होतं. दौलतराव त्या विहिरीकडे बघतसुद्धा नसत. आडवाटेनं गेलं तर गड चढलो असं म्हणता येत नाही, हे त्यांचं म्हणणं.

माणसांचे त्यांनी दोन भाग केले होते. खेळणारे, म्हणजे ते स्वतः, आणि पाहुणे, म्हणजे उरलेले सगळे. मी पक्का पाहुणा. दिवसभर ऑफिसात मान मोडून आलं की दहा मिनिटं उड्या माराव्यात, खड्ड्यात पडून मरावं आणि घरी जाऊन जेवावं, एवढीच माझी अपेक्षा. एकदा तसं बोलून दाखवलं.

"टाइमपास करायचा तर कॅरम आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांनी चहा घ्यावा, रिमोटला हात लावू नये."

मग मी चहा घेत असे आणि कुठली उडी कशी मारली याचं व्याख्यान ऐकत असे. एका ड्यूटीवरून सुटून दुसऱ्या ड्यूटीवर आल्यासारखं वाटायचं. तरी जायचो. घरी तरी कोणता टीव्ही माझ्या वाट्याला येत होता?

त्या वर्षी त्यांची थोरली बहीण, अक्का, देवळ्याहून राहायला आली. आई लवकर गेल्यावर दौलतरावांना तिनंच वाढवलेलं. नवरा गेल्यापासून तिनं बोलणंच सोडलं होतं. दौलतराव तिला भात कालवून देत, गोळ्या देत आणि पुन्हा खेळायला बसत. ती मागे खुर्चीत. टीव्हीकडे बघते की भिंतीकडे, कळत नसे.

एका रविवारी गेलो तर दौलतराव कधी नव्हे ते शेवटच्या किल्ल्यात पोहोचले होते. विहीर टाळून. खेळ थांबवून ते हाताचा घाम पुसत होते. "बसा पाहुणे," म्हणाले, "आज संपवतो."

तेवढ्यात मागून आवाज आला. "ते हिरवं कुठं गेलं रे?"

आम्ही दोघंही वळलो. अक्का बोलली होती. हिरवं म्हणजे खेळाची सुरुवात. झुडपं, ढग, मोकळं रान. किल्ल्यात सगळं काळंच.

"लय बरं वाटायचं ते," ती म्हणाली. "मला चालू दे ना त्यात थोडं."

हिरवं दाखवायचं तर खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागणार. इतक्या वर्षांची मेहनत. राक्षस समोर उभा. मी हळूच म्हटलं, "आधी संपवून घ्या. पाच मिनिटांचं तर काम."

दौलतराव म्हणाले, "आणि तोवर ती गप्प झाली तर?"

त्यांनी बटण दाबलं. किल्ला गेला, रान आलं. ते खुर्चीशी खाली बसले, रिमोट अक्काच्या हातात दिला आणि तिचा अंगठा बटणावर ठेवला. शिपाई चार पावलं चालला आणि एका झुडपापाशी थांबला.

"पुढं जायचं का रे?" अक्कानं विचारलं.

"घाई नाही काही," दौलतराव म्हणाले. "तू बोलत राहा."