एका नावातली दोन माणसं

कलेच्या क्षेत्रात टिकून कसं राहायचं, हे मला विचारा! कोल्हापुरात दगड भिरकावला तर तो चित्रकाराला लागतो, आणि चुकलाच तर पैलवानाला. अशा गावात मी रंगांवर घर चालवतोय. दुकानाच्या पाट्या, शटरं, गणपतीचे डोळे, तालमीतला मारुती, बालवाडीच्या भिंतीवरचे ससे, सगळं करतो. उरलेल्या वेळात माझी खरी कला, म्हणजे कॅनव्हासवरची अमूर्त चित्रं. ती कुणी विकत घेत नाही, त्यावरूनच ती खरी असल्याची माझी खात्री पटली होती!

एकदा कलाकारांच्या एका शिबिराला गेलो. तिथले वक्ते म्हणाले, "जो हात म्हशीची शिंगं रंगवतो, त्याचं चित्र दिवाणखान्यात कोण लावेल? प्रत्येक कामाला वेगळं नाव घ्या!"

मला हे इतकं पटलं की जेवणाला न थांबता घरी आलो. माझं नाव आकाराम. पणजोबांचं नाव, आणि कॉलेजात मला त्याची लाज वाटायची. आता बघतो तर काय, एका नावात दोन माणसं! पुढून वाचलं तर ‘आकार’, मागून पकडलं तर ‘राम’. आकार झाला चित्रकार, राम झाला पेंटर. दोघांचे फोन वेगळे, आवाज वेगळे. आकार सावकाश बोलतो, वाक्याच्या मध्येच थांबतो आणि खिडकीबाहेर बघतो. राम फोन उचलताच आधी "बोला की!" म्हणतो.

माझी बायको भैरवी शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "मग चपात्या किती जणांच्या लाटायच्या, तेवढं सांगा."

पण योजना फळाला आली! पुण्याच्या एका कलादालनाच्या अदिती मॅडम प्रदर्शनासाठी आमच्या भागातून एकच चित्रकार निवडणार होत्या. आकारनं पाठवलेले फोटो बघून त्यांचा निरोप आला, "दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घरी येते. चित्रं प्रत्यक्ष बघायचीत."

खरं सांगतो, मला ती जागा फार फार हवी होती. पाटी रंगवली की लोक दुकानाचं नाव वाचतात आणि पुढे जातात. रंगवणाऱ्यासाठी कोण थांबतं? एकदा तरी कुणीतरी माझ्या कामासमोर उभं राहावं, एवढीच आस होती.

आता पाडवा म्हणजे आमच्याकडे म्हशींचा मान! नटवलेल्या म्हशी, पुढे फटफटीवर मालक आणि मागे अख्खी पेठ. पाडव्याच्या पहाटेच बसाप्पा गवळी दारात हजर.

"पेंटर, चला. हरणीची शिंगं रंगवायची हायत."

"बसाप्पा, आज नको. पाहुणे यायचेत."

"पावणं काय पळून जात्यात व्हय? मिरवणूक जाती की! गेल्या साली हरणीकडं कुणी बघितलंबी न्हाय. घरात लेकरागत वाढवलिया तिला. यंदा समद्यांनी थांबून बघाय पाहिजे."

ह्या शेवटच्या वाक्यावर मला नाही म्हणता येईना. राम निघाला. घाईत डबे मात्र आकारचे उचलले गेले, महागाचा निळा आणि जपून ठेवलेला केशरी! विचार करायला वेळच नव्हता. हरणी मान हलवायची, मी तिच्या कलानं हात वळवायचो. निळी रेघ बुडापासून वळत वळत वर चढली आणि टोकाला जाऊन केशरी झाली. हरणीनं एक उसासा टाकला. मी घरी पळालो, अंघोळ केली, झब्बा घातला आणि आकार झालो.

अदिती मॅडम चांगल्याच उशिरा आल्या. चपला काढायच्या आधीच बोलायला लागल्या.

"माफ करा हं! गाडी मिरवणुकीत अडकली. पण एका म्हशीची शिंगं बघितली आणि उतरून तिच्या मागे चालतच गेले! कुणी रंगवली असतील हो?"

आकारनं खिडकीबाहेर बघितलं. "असेल कुणीतरी... स्थानिक कारागीर."

भैरवीला ठसका लागला.

मॅडम एकेक चित्र बघत गेल्या. "हं," म्हणाल्या. पुढच्या चित्राला पुन्हा "हं." माझा जीव त्या ‘हं’वर टांगलेला! मग त्या म्हणाल्या, "म्हशीच्या मालकांनी नंबर दिलाय. राम पेंटर. जरा लावून बघते."

आणि माझ्या खिशात हलगी कडाडली! रामच्या फोनची तीच धून आहे.

"दूधवाला असेल!" असं म्हणून मी स्वयंपाकघरात धूम ठोकली. भैरवीला हातानंच खूण केली, मिक्सर लाव! तिनं कपाळावर हात मारला आणि रिकामाच मिक्सर फिरवला.

"बोला की!"

"राम पेंटर का? हरणीची शिंगं तुम्हीच रंगवलीत?"

"व्हय, म्याच की! का? कुणाच्या कपड्याला रंग लागला काय?"

"नाही हो, फार आवडली. बरं, आकार नावाच्या चित्रकाराला तुम्ही ओळखता?"

अशी संधी कोण सोडतो! "वळखतो की! लई मोठा माणूस!"

"मी त्यांच्याच घरी आहे. चित्रं नीटनेटकी आहेत. पण प्रत्येक चित्र म्हणतंय, मला मोठं म्हणा. बघणाऱ्याला त्यात जागाच नाही. तुमची रेघ तशी नव्हती. तिचं सगळं लक्ष म्हशीकडे होतं."

मला राग आला! म्हणजे रामला नव्हे, आकारला. पण आकारला तिथे बोलता येईना, म्हणून बिचारा राम भांडला.

"आसं म्हनू नगा, बाई! बायकोच्या पगारातनं रंग आणून काढल्यात त्येनं ती चित्रं. त्येच्या जिवाला काय वाटंल?"

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटेल. तुम्ही इकडे या ना, त्यांच्याशी बोला."

"मी लई लांब हाय! शिरोळात!"

तेवढ्यात दाराबाहेर फटफटी फटफटली.

"ओ राम पेंटर! भायेर या! डाव्या शिंगाचा रंग पुसला न्हवं! कसला रंग ह्यो, वाळंना झालाय!"

भैरवीनं मिक्सर बंद केला. मी बाहेरच्या खोलीत आलो आणि आकारच्या आवाजात म्हणालो, "राम पेंटर... शिरोळला गेलेत."

बसाप्पानं खिडकीतून मुंडकं आत घातलं. "ही काय हुबा हायत की! झब्बा घाटला म्हणून वळखत न्हाय व्हय मी?"

मॅडम अजिबात दचकल्या नाहीत. "मिक्सर घरातही वाजत होता आणि फोनमध्येही. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज आता कुणाचाच राहिला नव्हता.

"आकारना सांगितलं असतं तर ते खिडकीबाहेर बघत बसले असते. राम निदान भांडतात तरी."

मी डबे उचलले आणि झब्ब्यासकट बाहेर गेलो. हरणीनं मला ओळखून मान खाली केली. पुसलेली रेघ पुन्हा ओढायला लागलो. जरा वेळानं मान वर केली तर सगळी गल्ली गोळा झालेली! लोक थांबून बघत होते. बसाप्पाचे डोळे भरून आले होते. माझेही भरले, पण मी रंगाचा वास लागला म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे जागा एकच आहे. राम पेंटर येतील पुण्याला? पाट्या, शटरं, शिंगं, जे रोज करता तेच घेऊन या."

"हरणी यायची न्हाय बगा," बसाप्पानं आधीच सांगून टाकलं. "धारंची येळ चुकती."

आता प्रदर्शनाची पत्रिका छापून आली आहे. वर ठळक अक्षरांत ‘राम पेंटर, कोल्हापूर’. सगळ्या गावाला वाटून झाली. फक्त आकारला मी अजून सांगितलेलं नाही. कलाकार माणूस आहे हो, उगाच मनाला लावून घेईल!